वारा खिडकीकडून

खिडक्या बंद, पंखा बंद, एसीसुद्धा बंद. तरी काकू पहिलं बोट जिभेला लावून ओलं करायच्या आणि डोक्याच्या वर धरायच्या, डोळे मिटून. समोर नवं माणूस असलं तर त्याला वाटायचं, बाईंना काहीतरी होतंय. मग डोळे उघडून त्या जाहीर करायच्या, "वारा खिडकीकडून."

वारा कायम खिडकीकडूनच असायचा. पण बोट वर धरल्याशिवाय त्यांनी एकही झेंडा चिकटवला नाही.

झेंडे तरी केवढे? पोस्टाच्या तिकिटाएवढे. आणि ते धरणारे शिपाई करंगळीच्या दोन पेरांएवढे. निळे कोट, पितळी टोप्या, पांढरे पट्टे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन पलटणी. टेबलावर लढाई खेळायला लागतात, तशा. पुण्याची एक साठीची बाई जपानमध्ये बसून जर्मन पलटणींचे झेंडे रंगवते, हे मी गावी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना गं?"

बसून रंगवते असं म्हटलं, पण तेही खरं नाही. काकू बसायच्याच नाहीत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा चहा नेहमी उभ्यानं होतो. काकू झेंड्यावर सिंहाचं शेपूट काढायच्या, मग खिडकीपर्यंत जाऊन यायच्या, मग सिंहाची जीभ काढायच्या, मग कुकर बंद करायच्या. त्यांच्या घरी गेलं की आपणच दमून परत यायचं.

निशी-कसाई नावाच्या वस्तीत आम्ही एकाच इमारतीत होतो. त्या चौथ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. आमचे हे तिथल्याच एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर होते. मी मिरजेकडच्या खेड्यातली, आठवीत शाळा सुटलेली. आजूबाजूच्या बायका सगळ्या पुण्या-मुंबईच्या, इंजिनियरांच्या, काही तर स्वतःच इंजिनियर. लिफ्टमध्ये माझ्याशी गोड बोलायच्या बिचाऱ्या, पण मला आपला मजला कधी येतो असं व्हायचं. काय विचारतील, आणि आपण काय सांगणार.

काकूंची ओळख कचऱ्यापाशी झाली. मी पिशवी चुकीच्या वारी ठेवली होती. गाडीवाल्यांनी ती तिथेच सोडली आणि वर एक लाल कागद चिकटवून गेले. त्या कागदाकडे बघत मी उभी. मला वाटलं, संपलं, आता व्हिसा जाणार.

"वाचून दाखवू?" मागून मराठी आली. पंजाबी ड्रेस, पायात धावायचे बूट.

"काय लिहिलंय हो?"

"माफी मागितलीय."

"कुणी?"

"कचरेवाल्यांनी. तुमची पिशवी नेता आली नाही, क्षमा असावी, म्हणे. चल, उचल ती. आणि असं उभं राहून घाबरायचं नाही. घाबरायचं तर चालता चालता घाबर. उभ्यानं घाबरलं की पाय धरतात."

हे वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलं! शाळेतून मुलीची जपानी चिठ्ठी आली की, वॉर्ड ऑफिसात जायचं झालं की, दातांच्या डॉक्टरकडे. "चल, चालता चालता घाबर." आणि त्या पुढे निघालेल्या असायच्या.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कधी झालंच नाही. तिथे जर्मनांचा मुक्काम. काका सोफ्यावर, मांडीवर ताट घेऊन जेवायचे. "जर्मन उठले की मी टेबलावर बसणार आहे," म्हणायचे. "वीस वर्षं वाट बघतोय."

ते शिपाई मुळात त्यांच्या मुलाचे. शाळेत असताना त्याला नाद लागला, शे-दीडशे शिपाई रंगवले, आणि झेंड्यांपर्यंत येता येता नाद सुटला. पुढे तो ओसाकाला नोकरीला गेला. आईनं मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देतो. शिपाई घरीच राहिले.

"झेंड्याशिवाय उभे होते गं," काकू मला म्हणाल्या. "पलटण म्हणायची, आणि कुठली ते कुणाला कळायला नको? मी म्हटलं, एक एक करून देते. आणि मग काय, यांना लढायला कोण नेणार? मग मीच जायला लागले."

ही पलटण जर्मनीतल्या हेसे नावाच्या लहानशा राज्याची. त्यांच्या राजानं त्यांना इंग्रजांना भाड्यानं दिलं होतं, अमेरिकेत लढायला. हे मला काकूंनी कांदा चिरता चिरता सांगितलं. मी विचारलं, "भाड्यानं? माणसं?"

"मग? कंत्राटावर. तुझा नवरा काय, माझा नवरा काय. फक्त ह्यांच्या हातात बंदूक होती."

"परत गेले का मग घरी?"

"बरेच गेले. बरेच नाही गेले. शेतं घेतली, लग्नं केली, तिथलेच झाले." आणि त्या खिडकीपर्यंत जाऊन आल्या.

झेंड्यावर मधोमध हातात तलवार घेतलेला सिंह असायचा, कोपऱ्यांत राजाची अक्षरं, आणि सिंहाच्या डोक्यावरच्या पट्टीवर लॅटिनमध्ये काहीतरी. त्याचा अर्थ, ह्याला संकट ठाऊक नाही. काकू म्हणायच्या, "हा सिंह आणि तू. मंदे, तुला फक्त संकटंच ठाऊक." मी हसायचे. खोटं काय होतं त्यात?

मी त्यांच्याकडे दुपारी जायला लागले. आधी त्यांचा ब्रश धुऊन द्यायचे, मग त्यांनी मला चिकटवायला शिकवलं. हातकागदावर झेंड्याच्या दोन्ही बाजू रंगवलेल्या असतात. मध्ये तार धरून कागद दुमडायचा, पांढऱ्या गोंदानं चिकटवायचा आणि ओला आहे तोवर पेन्सिलीवर वळवून त्याला लाटा पाडायच्या. कडेला कागदाचा पांढरा रंग दिसला तर तो रंगवून झाकायचा. शेवटी ती तार शिपायाच्या मुठीत सुपरग्लूनं बसवायची. सगळी गंमत ह्या शेवटच्या कामात. एकदा बसली की झेंडा कुठल्या बाजूला फडफडणार ते कायमचं ठरलं.

इथेच वाऱ्याचा प्रश्न येतो. जरा नीट सांगते. टेबलाच्या एका अंगाला एक फौज, समोर दुसरी, एकमेकींकडे तोंड करून. रविवारी ज्या हॉलमध्ये ह्या लढाया खेळणारी मंडळी जमायची, तिथली खिडकी काकूंच्या डाव्या हाताला होती. वारा खिडकीकडून आला तर सगळे झेंडे दाराच्या बाजूला उडाले पाहिजेत. म्हणजे काकूंच्या शिपायांचे झेंडे त्यांच्या उजवीकडे आणि समोरच्या शिपायांचे त्यांच्या डावीकडे. हे तिथे इतकी वर्षं कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. ज्याचा झेंडा जिकडे वळेल तिकडे. काकूंनी पहिल्याच रविवारी विचारलं, "हे काय? एका मैदानात दोन वारे?" असं म्हणतात की त्या महिन्यात हॉलमधल्या प्रत्येकानं आपापले झेंडे उपटून पुन्हा बसवले.

मी एकदा चुकले. एका झेंडेवाल्याची तार उलटी बसवली. बाकीची पलटण इकडे फडफडतेय, हा एकटा तिकडे.

"अरे देवा," काकू म्हणाल्या, "ह्याला शत्रूचा वारा लागला!"

मला रडू फुटायच्या बेतात. त्यांनी ब्लेडनं गोंद तोडला, झेंडा फिरवला, पुन्हा बसवला. सुपरग्लू दुसऱ्यांदा लावला की मुठीभोवती पांढरट कडं राहतं. मी म्हटलं, रंगानं झाकते. "राहू दे," त्या म्हणाल्या. "एकदा भरकटला होता म्हणून कळू दे की जगाला. त्यात काय?"

रविवारच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा गेले ती डबा द्यायला. वॉर्डाच्या समाजमंदिरातली एक खोली, दहा-बारा निवृत्त जपानी गृहस्थ, मेजपट्ट्या, फासे, आणि त्यांच्यात काकू, टेबलाभोवती फेऱ्या घालणाऱ्या. तिथली एक रीत होती. एखाद्याची पलटण मोडून पळाली की तिचा झेंडेवाला शिपाई समोरच्याला द्यायचा, कायमचा. व्हिजिटिंग कार्ड देतात तसा दोन्ही हातांनी, वाकून. घेणाऱ्यानंही वाकून घ्यायचा आणि पुढच्या रविवारी बदल्यात काहीतरी आणायचं. जपानमध्ये घेतलं की द्यावं लागतंच, त्याला ओकाएशी म्हणतात. साध्या झेंड्याला तांदळाच्या बिस्किटांचं पाकीट, चांगल्या झेंड्याला संत्र्यांची जाळी.

आता काकूंचे झेंडे सगळ्यांत देखणे. त्यामुळे व्हायचं असं की सगळे लढाई सोडून त्यांच्याच पलटणींच्या मागे लागायचे. काकू दर रविवारी हरायच्या. सोमवारी आमच्या घरी पण बिस्किटं. काका म्हणायचे, "अशीच हरत जा गं, चहाबरोबरचं संपत आलंय."

त्यांचा नेहमीचा शत्रू एक मिशीवाले गृहस्थ होते. पिकलेल्या, पिळलेल्या मिश्या. काकूंचे किती झेंडे त्यांच्या घरच्या काचेच्या कपाटात जाऊन बसले होते कोण जाणे. त्यांची एकच तक्रार होती. "काकू-सान, तुमचे झेंडे माझ्या कपाटात उलटे फडफडतात. माझे सगळे डावीकडे, तुमचे उजवीकडे."

"माझे आहेत ते," काकू म्हणायच्या. "कैदेत गेले म्हणून वारा बदलतील होय?"

एकच झेंडा मिशीवाल्यांना मिळाला नव्हता. पांढरा, खुद्द राजाचा. त्यावरचा सिंह काकूंनी असा काढला होता की भिंगातून पाहिलं तर त्याचे दात मोजता यावेत. तो झेंडेवाला नेहमी अगदी मागे, टेकडीच्या आडोशाला. दर रविवारी मिशीवाले विचारायचे, "आज तरी पुढे येणार का हे?" आणि काकू दर वेळी सांगायच्या, "आज त्याचं पोट बिघडलंय."

त्या वर्षी पावसाळा संपता संपता ह्यांचं रेस्टॉरंट बंद झालं. मालकानं शटरवर कागद लावला, ह्यांच्या हातात महिन्याचा पगार दिला, वाकला, आणि झालं. आमचा सगळ्यांचा व्हिसा ह्यांच्या नोकरीवर. मुदतीत दुसरीकडे स्वयंपाक्याची जागा मिळाली नाही तर परत जायचं. मुलगी तिसरीत, तिला जपानीशिवाय धड वाचता येत नाही. गावी जाऊन ती कुठल्या शाळेत बसणार? आणि मी? माझ्या नशिबात शाळा सुटणं होतं ते झालं, तिचं सुटायला नको होतं. रोज सकाळी हे पायीच निघायचे, एकेका रेस्टॉरंटच्या मागच्या दारानं विचारत. मी घरात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. काकूंचं ऐकून चालता चालता घाबरत होते, पण खोली संपायची.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या गोंद लावत होत्या. हात थांबला नाही. "कढईवर हात कसा आहे त्याचा?"

"डाळ चांगली करतात. गावाकडच्यासारखी."

"मिशीवाल्याच्या भावाचं सेंदाईला, उत्तरेकडच्या शहरात, इंडियन रेस्टॉरंट आहे. युनिव्हर्सिटीजवळ. त्याचा आचारी घरी निघून गेला. आता भाऊ स्वतःच करी करतो, आणि पोरं सभ्य आहेत म्हणून खातात. हे मिशीवालाच चहाच्या वेळी सांगत होता."

माझ्या हातातली पेन्सिल पडली. "मग विचारा ना काकू त्यांना!"

"तसं थेट विचारत नाहीत गं इथे. विचारलं की समोरच्याला एखादे वेळी नाही म्हणावं लागतं. आणि नाही म्हणण्यापेक्षा ही माणसं आजारी पडतील. मग तो पुढचे चार रविवार येणार नाही, तोंड चुकवेल. तुझंही काम नाही आणि माझाही शत्रू गेला." त्या खिडकीपर्यंत गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "रविवारी चल माझ्याबरोबर. डाळ आण."

रविवारी मी डाळीचा डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं. मी फक्त माणसांची तोंडं बघत होते, मिशीवाल्यांचं जास्त. काकूंनी बोट ओलं करून वर धरलं, नेहमीसारखं. मग त्यांनी टेकडीमागून पांढऱ्या झेंड्याची पलटण बाहेर काढली.

पलटण एकटी, मागे कुणी नाही, आणि समोर मिशीवाल्यांच्या तोफा. मिशीवाले म्हणाले, "काकू-सान, नक्की?"

"त्याचं पोट बरं झालंय आज," काकू म्हणाल्या.

फासे पडले. पुन्हा पडले. पलटण मोडली. बाकीच्या टेबलांवरचे लोकही उठून आले. काकूंनी तो झेंडेवाला दोन्ही हातांनी उचलला, वाकल्या आणि दिला. मिशीवाल्यांनी तो वाकून घेतला. म्हणाले, "ह्याच्या बदल्यात मी काय आणू? बिस्किटं नाही चालणार."

"मला काही नको. तुमच्या भावाला चांगला आचारी मिळाला तर मला बरं वाटेल. माझ्या शेजारी एक आहे. ही त्यांची मिसेस, हा त्यांचा हात." आणि माझ्या मांडीवरचा डबा त्यांनी उघडला.

मिशीवाल्यांनी डबा बघितला, मला बघितलं, मग काकूंना. मी उभी राहून इतक्या वेळा वाकले की काकूंनी माझा खांदा धरून मला सरळ केलं.

पुढच्या आठवड्यात सेंदाईहून फोन आला. हे गेले, तीन दिवस रांधून दाखवलं, आणि जागा पक्की झाली. डाळ ह्यांची, ते खरं. पण त्या डाळीला दारापर्यंत कोण घेऊन गेलं?

त्या रविवारी परतताना मी विचारलं होतं, "काकू, मुद्दाम हरलात ना?"

त्या रागावल्याच. "मुद्दाम? फासे काय मी शिकवून आणले होते? मी कधी मुद्दाम हरत नाही. पोरगं पुढे गेलं, सापडलं. लढाईत होतं असं." आणि इतक्या भरभर चालायला लागल्या की मला रिकामा डबा सांभाळत पळावं लागलं.

ते मला लागून राहिलं. तुम्ही म्हणाल, काम झालं ना, मग काय? पण माझ्यासारखीला तेवढं पुरत नाही. ते नुसतं नशीब असेल तर नशीब दिलेलं परत नेतं. उद्या फासे उलटे पडतील. सेंदाईच्या घरी मी कितीदा तरी काम टाकून दाराची कडी बघून यायचे, जणू कुणी न्यायला येणार आहे.

काकूंचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "वारा कुठून तिथे?"

"डोंगराकडून. आणि कापतोय नुसता."

"मग चालत जा सगळीकडे. अंग गरम राहतं."

नंतर काका पुरते निवृत्त झाले, आणि दोघं पुण्याला गेली. तिथून फोन कमी झाले. गेल्या हिवाळ्यात काकांचाच आला. काकू सकाळी टेकडीवर जाऊन आल्या, बूट काढले, आणि खुर्चीत बसल्या. "बसली," काका म्हणाले, "तेव्हाच मला कळायला हवं होतं."

मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मग चालत चालत रडले.

बर्फ वितळल्यावर मिशीवाले सेंदाईला आले, भावाकडे. दुपारची गर्दी ओसरल्यावर रेस्टॉरंटमध्ये शिरले. मिश्या पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या. डाळ-भात मागवला, पूर्ण संपवला, आणि पिशवीतून एक लहानसं खोकं काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. आत कापसात तो पांढऱ्या झेंड्याचा शिपाई.

"हा तुमच्याकडे असायला हवा," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही जिंकलेला आहे तो."

त्यांनी मान हलवली. "माझ्या कपाटात त्यांचे सगळे झेंडे उलटे फडफडतात. हा एकटाच माझ्या बाजूला फडफडतो. घरी नेऊन ठेवला त्याच दिवशी दिसलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. मी शिपाई हातात घेतला, उजेडाकडे नेला. झेंडा त्याच्या डावीकडे होता, समोरच्या फौजेसारखा. आणि मुठीभोवती सुपरग्लू दुसऱ्यांदा लावल्याचं ते पांढरट कडं, तसंच ठेवलेलं, न झाकलेलं. टेबलावर यायच्या आधीच काकूंनी त्याला मिशीवाल्यांच्या कपाटासाठी वळवून ठेवलं होतं.

"तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही?"

"विचारलं असतं," मिशीवाले म्हणाले, "तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं."

ते गेल्यावर मी शिपाई गल्ल्याशेजारी ठेवला. आधी एका बाजूला तोंड करून, मग दुसऱ्या. दार बंद होतं, एसी बंद होता, आत फक्त भांड्यांचा आवाज. मी पहिलं बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटून वर धरलं.

"काय गं?" ह्यांनी आतून डोकावून विचारलं. "बरं वाटत नाही का?"